सरांचे हात पाठीमागे

ड्रॉइंगच्या सरांचे हात स्वस्थ बसलेले गावात कोणी पाहिले नव्हते. रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या माणसाच्या शर्टाची कॉलर एका बाजूने वर राहिलेली असेल, तर सरांचा हात आधी पुढे जाऊन ती खाली बसवायचा आणि मग सर विचारायचे, "कोण हो आपण? ओळखलं नाही." बँकेत पुढचा माणूस स्लिप भरताना आकडा चौकटीबाहेर काढायला लागला, की त्याच्या हातातलं पेन सरांच्या हातात आलेलं असायचं. शेजारी स्कूटर लावत असले, की ते उतरण्याआधीच सरांनी हँडल धरून ती भिंतीशी काटकोनात उभी केलेली असे. शेजाऱ्यांनाही त्याची इतकी सवय झाली होती, की ते स्कूटर फाटकाशी आणून नुसता हॉर्न वाजवायचे.

शाळेतही तेच. सरांची शिकवण्याची पद्धत अगदी सोपी. फळ्यावर विषय लिहायचा, बाजूला एक नमुना काढायचा आणि मग बाकांमधून फिरायला लागायचं. एखाद्याचं चित्र बिघडलेलं दिसलं की "सरक जरा" म्हणत त्याच्या बाकावर अर्धं बूड टेकायचं, त्याच्या हातातली पेन्सिल घ्यायची आणि चित्र नीट करून द्यायचं. मूल बाजूला उभं राहून तोंड उघडं टाकून बघायचं. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. उलट मुलं आपापले कागद घेऊन रांगेत उभी असायची. "सर, माझ्या बैलाला पाय द्या ना." "सर, माझी आई म्हातारी दिसतेय." सर बैलाला पाय द्यायचे, आईला तरुण करायचे, आणि तास संपला तरी रांग संपायची नाही.

चित्रकलेच्या स्पर्धेत सरांच्या शाळेला बक्षीस मिळालं नाही असं वर्ष गेलं नाही. गावातल्या निम्म्या दिवाणखान्यांत फ्रेम केलेली चित्रं लटकत होती. खाली सही कुठे डॉक्टरांच्या मुलाची, कुठे किराणा दुकानदाराच्या मुलीची. चित्रं बाकी एकाच हातची. ही फसवणूक होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. आकाश प्रत्येक मुलाने स्वतःच रंगवलेलं असे. आकाशात चुकण्यासारखं फारसं काही नसतं.

तर असे हे सर, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना, शिक्षकांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेत निवडले गेले आणि वर्षभरासाठी परदेशातल्या एका शाळेत शिकवायला निघाले. मुलाखतीच्या वेळी साहेबांच्या टेबलावरची नावाची पाटी तिरकी होती. उत्तर देता देता सरांनी ती सरळ केली. साहेबांना वाटलं, माणूस टापटिपीचा आहे. निघताना सरांच्या बायकोने बॅगेची चेन लावली (सरांनी ती पुन्हा उघडून नीट लावली) आणि एवढंच सांगितलं, "अहो, तिकडे लोकांच्या कॉलरी ओढू नका."

"अगं, मी काय लहान आहे का?"

"लहान असता तर काळजी नव्हती. हात धरून ठेवले असते."

परदेशात सरांची राहायची सोय एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर केलेली होती. उंच, हाडापेराने मजबूत, एकट्या राहणाऱ्या बाई. स्वयंपाकघर दोघांत एक. फ्रिजमधला वरचा कप्पा बाईंचा, मधला सरांचा. तळघरात कपडे धुण्याचं मशीन आणि भिंतीवर कोणाची पाळी कधी याचा तक्ता. सगळं जिथल्या तिथे. सर मनात म्हणाले, वा, इथे आपलं जमणार.

दुसऱ्याच दिवशी नर्सबाई बाजारातून दोन भरलेल्या पिशव्या घेऊन दारापुढचा जिना चढत होत्या. सर वरून धावत आले आणि त्यांनी एका पिशवीला हात घातला. बाईंनी पिशवी सोडली नाही. सरांनी ओढली. बाईंनीही ओढली. जिन्याच्या मधल्या पायरीवर दोन वयस्कर माणसांची थोडा वेळ रस्सीखेच झाली.

"काय पाहिजे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"जड आहे."

"मला माहीत आहे. माझीच आहे."

(दोघेही बोलत होते ती भाषा दोघांचीही मायबोली नव्हती, त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच. पण एवढ्या जुन्या नर्सबाई सरांना 'तू' म्हणतील हे आपल्या मनाला पटत नाही, म्हणून 'तुम्ही'च समजायचं.)

पुढे बसस्टॉपवर एका आजोबांच्या कोटाची बाही आत गेली होती ती सरांनी ओढून बाहेर काढली, तेव्हा आजोबा दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी खिसा चाचपून पाहिला. शाळेत विज्ञानाच्या मास्तरांच्या वर्गातला खिडकीचा पडदा अडकला होता. सरांनी खुर्चीवर चढून तो सोडवला, तर मास्तर आभार मानून असे काही बाजूला झाले, की सरांना वाटलं आपण त्यांच्या ताटातला घास उचलला. रविवारी फोनवर सर बायकोला म्हणाले, "माणसं चांगली आहेत गं, पण तुटक. कोणाला कोणाची गरजच नाही. आपल्याकडे पाहुणा आला तर 'पाणी देऊ का' असं विचारतो का आपण? आणून समोर ठेवतो. विचारून मदत करायची म्हणजे परकेपणा झाला."

"मग ठेवा आणून पाणी. पितील ज्यांना प्यायचंय ते," बायको म्हणाली.

शाळा मात्र सरांना पाहताक्षणी आवडली. चित्राचा वर्ग म्हणजे एक लांबरुंद खोली. भिंतभर खिडक्या, मधे रंगांचे डाग पडलेलं मोठं लाकडी टेबल, कोपऱ्यात ब्रश धुवायला स्टीलचं सिंक, ओली चित्रं वाळत घालायला कप्प्याकप्प्यांचा घोडा, आणि दाराशी खुंट्यांवर मुलांचे ॲप्रन. दहा-अकरा वर्षांची मुलं. ती शिक्षकांना नावाने हाक मारायची. सरांनी पहिल्याच दिवशी "मला सर म्हणा" असं सांगितलं, आणि मुलांनी ते त्यांचं नाव समजून आनंदाने स्वीकारलं. सरांनाही मुलांची नावं जिभेवर बसेनात. म्हणून त्यांनी मनातल्या मनात, जो जे काढतो त्यावरून त्याला नाव देऊन टाकलं. एक ढगवाला होता, एक मांजरवाली होती, आणि एक होता तो प्रत्येक चित्रात आगीचा बंब काढायचा.

पहिले काही आठवडे सरांनी नुसतं काढून दाखवलं. खडूच्या एका रेषेत घोडा, दोन रेषांत पळणारा घोडा. मुलं टेबल बडवायची. सरांची छाती फुगली. मग मुख्याध्यापिकाबाई येऊन म्हणाल्या, "आता सहामाही प्रदर्शनाची तयारी करू. प्रत्येक मुलाचं एक चित्र. ज्याला जे काढायचं ते."

सर खूश झाले. स्पर्धा काय, प्रदर्शन काय, हा तर घरचा मामला.

त्या वर्गात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती. बारीक चणीची, कमी बोलणारी, कामाला लागली की जिभेचं टोक बाहेर काढणारी. शाळेबाहेरच्या स्टँडला तिची सायकल लावलेली असायची, आणि खिडकीतून ती दिसायची. मुलीने ती सायकल काढायला घेतली. पेन्सिल धरायची, बाहेर बघायचं, एक रेघ मारायची, पुन्हा बाहेर बघायचं. असे दोन तास गेले. तिसऱ्या तासाला सर फिरत फिरत तिच्या मागे येऊन उभे राहिले.

चाकं अंड्यासारखी झाली होती. पुढचं अंडं उभं, मागचं आडवं. मधला सांगाडा थकून खाली बसल्यासारखा. सीट कुठेच टेकलेली नव्हती, हवेत होती. आता चित्रकलेच्या शिक्षकासमोर अंड्याच्या चाकांची सायकल ठेवणं म्हणजे भुकेल्यासमोर ताट ठेवण्यासारखंच. सरांचे हात शिवशिवायला लागले.

"सरक जरा."

मुलगी सरकली. आश्चर्यानेच सरकली बिचारी. सरांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. एक फिरकी, एक चाक. दुसरी फिरकी, दुसरं चाक. सांगाड्याला दोन रेघा, सीटला एक, हँडलला हलकासा बाक. चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात कागदावर अशी सायकल उभी राहिली, की टांग मारून निघावं. सरांनी कागद उचलून वर्गाला दाखवला. "बघा! याला म्हणतात सायकल."

वर्ग एकदम गप्प झाला. गावी असा गप्प झालेला वर्ग म्हणजे भारावलेला वर्ग. सर हसत उभे राहिले.

मुलीने कागद परत घेतला. खाली कोपऱ्यात तिने आधीच आपलं नाव लिहून ठेवलेलं होतं. तिने खोडरबर घेतलं, ते नाव सावकाश खोडलं, कागदावरचा भुगा फुंकला आणि पेन्सिल सरांपुढे धरली.

"इथे तुमचं नाव लिहा."

सरांना गहिवरून आलं. गावची मुलंही निरोपसमारंभाला सह्या घ्यायची. त्यांनी मोठ्या झोकात सही केली, खाली वेलांटीसारखी एक रेघ ओढली, आणि वर दोन ठिपके दिले.

मुलीने तो कागद त्यांच्या हातात ठेवला, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या तासाला कोरा कागद तिच्यासमोर होता, हाताची घडी तशीच. त्याच्या पुढच्या तासालाही तसंच.

मग मुख्याध्यापिकांनी बोलावणं धाडलं. त्यांची खोली स्वच्छ, आवाज त्याहून स्वच्छ. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. रागावणाऱ्या मुख्याध्यापिकांचा त्यांना दांडगा अनुभव होता.

"तिच्या आईचा फोन होता," त्या म्हणाल्या. "मुलगी म्हणते, तिच्याकडे आता चित्र नाही."

"आहे ना! माझ्याकडे जपून ठेवलंय. उत्तम झालंय."

"ते तुमचं आहे."

"माझं कसं? कागद तिचा, पेन्सिल तिची, सायकलसुद्धा तिचीच."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, प्रदर्शनात सगळ्या मुलांची चित्रं असतात. तिची जागा रिकामी राहिली, तर पालक मला कारण विचारतील आणि मला खरं ते सांगावं लागेल. त्यानंतर उरलेलं वर्ष मी तुम्हाला वर्गावर पाठवू शकणार नाही. कागद-रंगांच्या खोलीचं काम असतं, ते देईन."

एका मुलीसाठी आपल्याला कोठीघरात बसवणार! सर बाहेर आले ते तणतणतच. पण कोठीघराचा धसका ओसरल्यावर त्यांना टोचत राहिलं ते वेगळंच. चित्राच्या तासाला हाताची घडी घालून बसलेलं मूल त्यांना बघवत नव्हतं. गणिताच्या तासाला बसावं, हरकत नाही. आपणही बसलो होतो. पण चित्राच्या?

सर हार मानणारे नव्हते. उभी हयात मुलांत गेलेली. रुसलेलं मूल हसवणं त्यांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी दुकानातून रंगीत खडूंची चांगली पेटी आणली. मुलगी म्हणाली, "माझ्याकडे आहेत." मग सरांनी ते सायकलचं चित्रच घेतलं, मऊ रबराने आपल्या सगळ्या रेघा एकेक करून पुसल्या, खालची मुलीची अंडी जिथे जिथे पुसट दिसत होती ती राखली, आणि कागद तिच्यासमोर ठेवला. "घे. आता पुन्हा तुझं."

तिने कागद उजेडात धरून पाहिला. "खोडलेलं पण तुमचंच आहे."

"अगं, पण ती चाकं वाकडी होती," सर काकुळतीला येऊन म्हणाले.

"माहीत आहे मला. वाकडी होती. पण मीच काढली होती."

मांजरवाली आणि ढगवाला टेबलापलीकडून ऐकत होते. ढगवाल्याने हळूच आपला कागद दोन्ही हातांनी झाकून घेतला. सरांच्या ते नजरेतून सुटलं नाही.

रविवारी फोनवर सरांनी सगळी कहाणी बायकोला ऐकवली. "तूच सांग, मी चित्र सुधारलं ना? बिघडवलं असतं तर गोष्ट वेगळी."

"अहो, मी भाजी परतत असते, तेव्हा तुम्ही मागून येऊन झारा हातातून घेता ना?"

"खाली लागत असते म्हणून घेतो."

"लागत नसते. ते राहू दे. मग मी काय करते?"

"काय करतेस? बाजूला होतेस."

"आणि बाहेर जाऊन टीव्ही लावते. तुम्हाला वाटतं, हिला विश्रांती दिली."

सर जरा चाचरले. "विश्रांती नसते का ती?"

"आणि आपली लेक? ते तिचं पहिल्या नंबराचं चित्र आठवतंय? नदीचं?"

"वा, न आठवायला काय झालं! काय उतरला होता घाट!"

"घाट तुमचा होता. त्यानंतर तिने ब्रश हातात घेतलेला पाहिलात कधी?"

"दहावी आली ना तिची. अभ्यास वाढला."

"तसं तिने तुम्हाला सांगितलं."

सरांनी टेबलावरची पेन्सिल उचलून काठाशी समांतर ठेवली.

"आहात ना?" बायकोने विचारलं.

"आहे."

"मग मनाला फार लावून घेऊ नका. ती काही तुमच्यावर रागावलेली नाही, चांगलं चाललंय तिचं. पण त्या तिकडच्या पोरीने निदान तोंडावर सांगितलं. आमच्यापैकी कोणाला ते सुचलं नाही."

फोन ठेवून सर खाली आले, तर नर्सबाई दारातून आत येत होत्या. हातात पिशव्या. सरांचा हात सवयीने पुढे गेला आणि मधेच थांबला.

"जड आहेत," सर म्हणाले.

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग नकोत." बाईंनी पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सरांचं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. सर बसले.

"तुम्ही विचारत का नाही हो आधी?" बाईंनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, खरंच कुतूहल होतं.

"आमच्याकडे विचारलं, की माणूस नाहीच म्हणतो," सर म्हणाले. "संकोचाने. आतून त्याला हवं असतं. मग विचारून त्याला कशाला अवघडात टाकायचं? न विचारता करून टाकायचं. यात माया असते."

बाईंनी विचार केला. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण ज्याला खरोखर नको असेल, त्याने काय करायचं?"

हा प्रश्न आहे हेच सरांना आजवर माहीत नव्हतं.

"मी उभा जन्म आजारी माणसांच्या अंगाला हात लावला," बाई म्हणाल्या. "पण आधी सांगायचे, आता हात लावते हं. बेशुद्ध माणसालासुद्धा सांगायचे." आणि उठून पिशव्या उपसायला लागल्या. सर बसल्या जागी आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. जणू हे दोघे इतकी वर्षं आपल्याला न सांगता कुठे कुठे जाऊन आले होते, ते आता कळत होतं.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. पुढच्या तासाला सर वर्गात शिरले ते थेट खिडकीपाशी गेले. मुलगी हाताची घडी घालून बसली होती. सर टेबलापासून जरा लांबच थांबले.

"मला एक सांग. तू पुन्हा चित्र काढावंस म्हणून मी काय करू?"

मुलीने वळून पाहिलं. मोठ्या माणसाने खरोखर विचारलंय की विचारल्यासारखं केलंय, हे मुलांना लगेच कळतं. तिने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काही करू नका," ती म्हणाली. "उभे राहा."

"कुठे?"

"तिकडे. सिंकपाशी."

सर सिंकपाशी गेले.

"हात मागे."

सरांनी हात पाठीमागे बांधले. मांजरवाली खुदकन हसली. बंबवाला म्हणाला, "सरांना शिक्षा झाली!" सर म्हणाले, "झाली खरी. तू तुझं काम कर." आणि उभे राहिले. मुलांना आयुष्यभर ज्या आसनात उभं केलं, त्यात आज स्वतः.

मुलीने नवा कागद घेतला. बाहेर बघितलं. जीभ बाहेर आली. पहिली रेघ पडली.

त्यानंतर सरांच्या जिवाची जी उलघाल झाली, ती शब्दांत सांगणं कठीण. सिंकपासून टेबल काही फार लांब नव्हतं. सगळं दिसत होतं. चाक गोल निघालं, अर्ध्यावर आलं, आणि डोळ्यांदेखत चेपायला लागलं. सरांच्या उजव्या हाताने पाठीमागे झटका दिला. डाव्याने त्याला मनगटाशी पकडलं. चाक आणखी चेपलं. सरांनी ओठ चावला, खिडकीबाहेर पाहिलं, मनातल्या मनात पाढे म्हटले. सिंकच्या नळाची तोटी टपटपत होती, ती घट्ट करायलासुद्धा हात मोकळा नव्हता. गावातल्या कोणी हे दृश्य पाहिलं असतं, तर सरांना झटका आलाय असं समजून डॉक्टर आणला असता.

बऱ्याच वेळाने मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि मान न वळवता विचारलं, "चाक गोल आलंय का?"

खोटं बोलावं असं सरांना क्षणभर वाटलं. पण पोरगी भाबडी नव्हती.

"नाही," ते म्हणाले.

"थोडं नाही की खूप नाही?"

"बऱ्यापैकी नाही."

"हं. मला पण तसंच वाटतंय." ती चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग कसं करायचं?"

सर आनंदाने एक पाऊल पुढे आले. मुलीने नुसती भुवई उचलली. सर एक पाऊल मागे गेले.

"सांगा. काढू नका," ती म्हणाली.

आणि तिथे सरांचं घोडं अडलं. चाक कसं काढायचं? हे काय विचारणं झालं? असं काढायचं! पाठीमागे सरांची बोटं हवेत सुरेख वर्तुळ काढत होती, पण ते तिला दिसत नव्हतं. जे सांगायचं ते तोंडाने, आणि तोंडाला काही येतच नव्हतं. हजारो चाकं काढली, पण चाक कसं काढतात हे एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच हाताने येऊ दिली नव्हती.

"तू..." सर म्हणाले. "तू म्हणजे... सायकलकडे बघ."

"बघतेय की."

"हां. तेच चुकतंय." सर थांबले. त्यांनी स्वतः खिडकीतून सायकलकडे पाहिलं, डोळे बारीक करून, आपला हात एरवी काय करतो ते आठवत. "सायकल बघू नकोस. सायकलीतून पलीकडची भिंत दिसतेय ना? दांड्यांच्या मधून भिंतीचा एक तिकोनी तुकडा दिसतोय. चाकाच्या आणि जमिनीच्या मधे एक बारीक फट आहे. ते तुकडे काढ. भिंत काढ. सायकलीला हात लावू नकोस, ती आपोआप उरेल."

मुलीने बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचं तोंड हळूहळू उघडं पडलं.

"भिंत दिसतेय!" ती म्हणाली.

"दिसतेय ना?" सर ओरडले. "आधी नव्हती दिसत?"

"नव्हती!"

आता सगळा वर्ग खिडकीपाशी आला. बंबवाला म्हणाला, "मलाही दिसतेय!" आणि पळत जाऊन आपल्या बंबाच्या शिडीमधून काय दिसतं ते बघायला लागला. ढगवाल्याने विचारलं, "ढगांच्या मधलं काढायचं का मग?" सर म्हणाले, "काढून बघ. मला काय माहीत? मी आजवर आकाशाकडे लक्षच दिलं नाही." हात पाठीमागेच होते. बोलता बोलता सर घामाघूम झाले, आवाज बसला, शब्द संपले की नवे जुळवावे लागत होते. पण तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यांना असं वाटलं, की आज नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तास घेतला.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी शाळेच्या लांब व्हरांड्यात चित्रं लागली. मुलांनीच लावली, मोठ्यांनी हात लावायचा नाही असा नियम होता, आणि सरांना तो आता विचित्र वाटला नाही. कागदी कप घेऊन पालक फिरत होते. मुलीची सायकल मधोमध होती. सायकल अगदी डौलदार होती असं कोणी म्हणणार नाही. मागचं चाक अजून जरासं बसकं होतं, आणि हँडल कोणीतरी आपटल्यासारखं. पण सीट सांगाड्यावर टेकली होती, दांड्यांमधून भिंत आरपार दिसत होती, आणि सायकल जमिनीवर उभी होती. खाली मुलीचं नाव, ठळक.

तिची आई चित्रासमोर उभी होती. फोन करणारी हीच. सर जरा अलीकडेच थांबले, मुख्याध्यापिकांच्या बाजूला.

"छान झालंय," आई म्हणाली. "सरांनी मदत केली?"

"नाही," मुलगी म्हणाली. "ते नुसते उभे होते."

गावी कोणा पालकासमोर मुलाने असं सांगितलं असतं, तर सरांची नोकरी धोक्यात आली असती. इथे आईने वळून सरांकडे पाहिलं, जवळ येऊन त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. मुख्याध्यापिका कपातला घोट घेत म्हणाल्या, "सोमवारी तुमचा वर्ग आहे, लक्षात आहे ना?"

"आहे तर," सर म्हणाले. "मुलांना खुर्ची सांगायचीय. खुर्ची फार अवघड असते सांगायला."

गर्दी पांगायला लागली. सर पुन्हा सायकलीसमोर आले. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कागद तिरका लागलाय. फार नाही. डावा कोपरा नखभर खाली. दुसऱ्या कोणाला कळलंसुद्धा नसतं.

सरांचा हात निघाला होता. तो त्यांनी वाटेतच थांबवला, आणि बाजूला पाहिलं. मुलगी आईच्या कोटाला धरून त्यांच्याचकडे बघत होती.

"सरळ करू का?" सरांनी विचारलं.

मुलीने जवळ येऊन डोकं एका बाजूला कलवलं, मग दुसऱ्या बाजूला. घाई नव्हती तिला. सर थांबले. नाही म्हणाली तर तसंच राहू द्यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आणि तसं पक्कं करताना त्यांना फार काही वाटलंही नव्हतं.

"करा," ती म्हणाली. "पण नखभरच."

सरांनी कोपरा नखभर वर सरकवला.